लोट्शबर्ग, गॉटहार्ड की बेर्निना? आल्प्समध्ये गाड्या बघायला कुठे थांबावे

स्वित्झर्लंडमध्ये फक्त गाड्या बघायला चार-पाच दिवस काढले, तर निवड बहुधा या तीन घाटांत होते. देखाव्यात तिन्ही तोडीस तोड आहेत, त्यामुळे डोंगर बघून निवडू नका. कुठल्या गाड्या हव्यात आणि वाट बघण्याची तयारी किती, हे आधी ठरवा.

मालगाड्या हव्या असतील तर लोट्शबर्गचा दक्षिण उतार. इथे २००७ मध्ये ३४.६ किलोमीटरचा पायथ्याचा बोगदा सुरू झाला, पण खर्च आवरण्यासाठी त्याचा मोठा भाग एकेरी ठेवला. त्यात न मावणाऱ्या मालगाड्या आजही १९१३ च्या जुन्या, आता दुहेरी झालेल्या मार्गाने डोंगर चढतात. चढ हजाराला २७, म्हणजे आपल्या बोरघाटाइतकाच, ३७ ला १. गाडी चढावर असेल तर ती दिसण्याआधी ऐकू येते.

मुक्काम ब्रिगला करा. सकाळच्या गाडीने होटेनला उतरा आणि रुळांच्या साथीने जाणाऱ्या पायवाटेने आउसरबेर्गपर्यंत चाला. फोटो काढत गेलात तर अर्धा दिवस सहज जातो. वाटेत बीचताल दरीवरचा पोलादी कमानीचा पूल लागतो. आउसरबेर्गच्या पुढे चालत राहिलात तर एगरबेर्ग आणि लाल्डेनलाही स्थानके आहेत, त्यामुळे पाय थकले तर मध्येच गाडी पकडता येते. उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने ऊन दिवसभर गाडीच्या दरीकडच्या बाजूवर पडते. रुळांच्या वरच्या अंगाला उभे राहिलात की नेमकी सावलीतली बाजू फोटोत येते. जुलै-ऑगस्टमध्ये ही वाट भाजून काढते, सावली कमी. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. पाणी भरपूर घ्या.

अडचण एकच: मालगाड्या प्रवासी वेळापत्रकात नसतात. खात्रीची फक्त तासाला येणारी प्रवासी गाडी, बाकी नशीब. रविवारी मालवाहतूक अगदीच रोडावते आणि सोमवारी सकाळीही सुस्ती असते. म्हणून हा घाट मंगळवार ते शुक्रवारातच ठेवा.

गॉटहार्डची गंमत वेगळी. वासेन गावाच्या चर्चभोवती वळसे घेत चढणाऱ्या लांबलचक मालगाड्यांचे जे फोटो सगळीकडे दिसतात, त्यांतले बहुतेक जुने आहेत. डिसेंबर २०१६ पासून नेहमीची वाहतूक ५७ किलोमीटरच्या नव्या बोगद्यातून जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यात मालगाडी घसरली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पूर्ण सुरू होईपर्यंत जुन्या घाटावर पुन्हा वर्दळ होती. त्या काळातले फोटो बघून फसू नका. आता मुख्यतः तासाला एक, तांबूस रंगाची प्रवासी गाडी. तीच तीन उंचींवर तीनदा दिसते, हे खरे. पण तेवढ्यासाठी पूर्ण दिवस घालवू नये. शिवाय वासेनला गाडी थांबत नाही. ग्योशेनेनला उतरून बस घ्यावी लागते. १८८२ च्या या मार्गाची आखणी समजून घ्यायची असेल तर अर्धा दिवस जरूर द्या.

बेर्निनात गाडी हुकण्याची भीती नाही. सेंट मॉरिट्झ ते तिरानो, ६१ किलोमीटर, मीटर गेज, १४ ला १ चा चढ आणि तोही दातेरी रुळाशिवाय. २,२५३ मीटरवरून गाडी ४२९ मीटरपर्यंत उतरते. मार्ग एकेरी आणि वेळापत्रक ठरावीक, त्यामुळे गाड्यांचे क्रॉसिंग दर तासाला साधारण त्याच मिनिटाला, त्याच स्थानकावर होते. एकदा मिनिट टिपून ठेवले की ब्रुझियोच्या गोल पुलावर किंवा मोंतेबेलोच्या वळणावर कधी उभे राहायचे ते कळते. कधी लाल प्रवासी गाडीलाच मालडबे जोडलेले असतात; ती जोडणी टिपण्यासारखी. काचेच्या छताची बेर्निना एक्सप्रेस टाळलेली बरी: आरक्षण सक्तीचे आणि खिडक्या बंद. साध्या गाडीला आरक्षण लागत नाही आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात.

फोटो काढताना शटरचा वेग फार वाढवला की गाडी कुठे जाते ते दाखवणारा एलईडी फलक अर्धवट किंवा कोराच येतो. फलक हवा असेल तर १/२०० सेकंदाच्या आसपास या. गाडी वळणावर हळू असते, तेवढ्यात निभावते.

तिन्ही जमवायचे असतील तर ब्रिगहून सुरुवात करा. मंगळवार ते शुक्रवारात लोट्शबर्ग, मग आंडरमाटमार्गे पूर्वेकडे. आंडरमाटहून दातेरी रुळाची छोटी गाडी ग्योशेनेनला उतरते, तिथे गॉटहार्डचा अर्धा दिवस होतो. रविवार बेर्निनासाठी राखा, तिथे तो वाया जात नाही. निघण्याआधी नेमक्या तारखा टाकून वेळापत्रक पुन्हा तपासा: दुरुस्तीच्या कामासाठी मार्ग बंद असला तर गाडीऐवजी बस दाखवतात. आणि डिसेंबरच्या मध्यात नवे वेळापत्रक लागू होते, तेव्हा गेल्या वर्षी टिपलेली मिनिटे धरून चालू नका.