दोन हंगामांनंतरचा १२ मीटर काईट: कापड शाबूत, व्हॉल्व्हचा जोड ढिला

वडोदऱ्याला सर्वांत जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा. पण तिथला चिखल आणि १० मीटरपर्यंत चढउतार करणारी भरती-ओहोटी पाहता काईटसर्फिंगसाठी, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून घसरण्यासाठी, तो कामाचा नाही. त्यामुळे हा १२ चौरस मीटरचा, तीन स्ट्रटचा (कापडाला आकार देणाऱ्या, हवा भरलेल्या नळ्यांचा) काईट मी मुख्यतः कच्छमधल्या मांडवीच्या किनाऱ्यावर वापरला आणि एरवी तो घरीच राहिला. दोन हंगामांनंतर माझे ठाम मत झाले आहे की काईट वाऱ्याने झिजतो त्याहून अधिक तो ऊन आणि उष्णतेने झिजतो.

कापडाबद्दल माझी तक्रार नाही. रिपस्टॉप पॉलिएस्टरचा नवेपणीचा कडकपणा गेला आहे आणि काईट पूर्वीपेक्षा किंचित सावकाश वळतो, परंतु उजेडासमोर धरला असता मधल्या भागात टाचणीएवढेही छिद्र दिसत नाही. झीज आहे ती मागच्या कडेला, शिवणींच्या टोकांशी. फुगवलेला काईट वाळूवर फडफडत ठेवला की ही कड सतत आपटत राहते. उडताना तिला एवढा मार बसत नाही. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर हवा काढून तो सावलीत गुंडाळून ठेवणे मी कटाक्षाने पाळतो.

खरी उणीव निघाली ती ब्लॅडरमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या हवेच्या पिशवीत. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर मधला स्ट्रट फुगवल्यावर थोड्याच वेळात मऊ पडू लागला. साबणाचे पाणी लावून पाहिले, तेव्हा व्हॉल्व्हच्या बुडाशी एकाच बाजूने बारीक बुडबुडे येत होते. टीपीयूची (लवचीक प्लास्टिकची) पिशवी मात्र धड होती. व्हॉल्व्ह या पिशवीला चिकटवलेला असतो आणि तो जोड उष्णतेने सुटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा काईट गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवूच नये. माझा मात्र तळमजल्यावरच्या थंड खोलीत असूनही जोड सुटला, हे उत्पादकाचे उणेच म्हणावे लागेल. जुना चिकट थर स्पिरिटने पुसून नवा व्हॉल्व्ह बसवला आणि टाल्कम पावडर लावून ब्लॅडर पीळ न पडता आत सरकवला. त्यानंतर हवा टिकून आहे.

लाइन्सकडे, म्हणजे काईटला चालवणाऱ्याशी जोडणाऱ्या दोऱ्यांकडे, फार कमी जण लक्ष देतात. बहुतेक भार पुढच्या दोन लाइन्सवर येत असल्याने त्या हळूहळू लांबतात, मागच्या तुलनेने आखूड राहतात, आणि मग काईट हवेत मागे पडून खाली येऊ लागतो. असे झाले की दोष काईटला दिला जातो. चारही लाइन्स फाटकाच्या एकाच कडीला अडकवून ताणल्या, तेव्हा चार-पाच बोटांचा फरक दिसला. मागच्या दोन्हींच्या गाठी सरकवल्यावर काईट पूर्ववत उडू लागला. लाइन्सच्या विणीत अडकलेली वाळू मांजातल्या काचेसारखी धागे कापते, तेव्हा गोड्या पाण्याने धुणे टाळू नये.

येत्या हंगामात लाइन्सचा नवा संच आणि उरलेल्या दोन स्ट्रटचे व्हॉल्व्ह एवढाच खर्च मला दिसतो. हाच काईट पुन्हा घ्यायचा झाला तर मी घेईन, मात्र सुटे व्हॉल्व्ह त्याच वेळी मागवून ठेवीन.