कोपऱ्यावरचं मेडिकल, पुणे

मार्च 2020. लॉकडाऊन लागला तेव्हा लेकाच्या फिटच्या गोळ्या सहाच उरल्या होत्या. सोडियम व्हॅलप्रोएट, 500 ची, दिवसाला दोन. ही गोळी अचानक बंद झाली की फिट्स उसळू शकतात, त्यामुळे जीव टांगणीला लागलेला. मोठ्या दुकानात फोनच उचलेनात. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या दादांनी व्हॉट्सॲपवर चिठ्ठी मागवली. "ताई, कंपनी बदलून देणार नाही, उद्यापर्यंत थांबा." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच कंपनीच्या महिनाभराच्या गोळ्या दारात! पिशवीवर पेनाने लिहिलेलं: सकाळी 8, रात्री 8. ताप आला तर लगेच डॉक्टरांना कळवा, तापाने फिट येऊ शकते, हेही त्यांनीच बजावलं. घरपोचचे वेगळे पैसे घेतले नाहीत. बिल तेवढं मागून घ्यावं लागतं. आजही तिथूनच घेते.