पायाच्या गाठींसाठी हॉकी स्टिक प्रोब: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोनोग्राफीत अंगावर फिरवायचा हा छोटा प्रोब नवरात्राच्या थोडा आधी घेतला, आता पावसाळा तोंडावर आलाय. बरं-वाईट दोन्ही सांगता येईल इतका हात त्यावर बसला आहे.

रावपुऱ्यात आमचं सोनोग्राफी सेंटर आहे. वडोदऱ्यात नऊ रात्री अनवाणी गरबा झाला की दसऱ्यानंतर पायाचे पेशंट वाढतात, आणि त्यातल्या काहींच्या तळव्यात गाठ निघते. नेहमीच्या लिनिअर प्रोबची पट्टी चारएक सेंटिमीटरची. बोटांच्या बेचक्यात ती बसतच नाही, एक टोक हवेत राहतं आणि अर्धा स्क्रीन काळा. हॉकी स्टिकचं तोंड जेमतेम अडीच सेंटिमीटर, मान वाकडी, फ्रीक्वेन्सी 8 ते 18 मेगाहर्ट्झ. खिशात मावणारा वायरलेसही बघितला होता, पण पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याची) नोंदणी त्यालाही लागतेच. मग असलेल्या मशीनला जोडता येणाराच घेतला.

पैसे खरे वसूल झाले ते मॉर्टन न्यूरोमात. नावात ट्यूमरचा भास असला तरी ही नसेभोवतीची जाड झालेली ऊतीच, बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मुळाशी. मी प्रोब तळव्याकडून धरतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरून बेचका दाबतो आणि मग चवडा दोन्ही बाजूंनी आवळतो. काळसर गाठोडं हाडांच्या मधून टपकन खाली सरकतं, आणि त्याच क्षणी पेशंट म्हणतो, "हां डॉक्टर, हीच कळ." मुल्डर या डॉक्टरने 1951 साली हाताने टिपलेला, गाठ सरकतानाचा क्लिक इथे डोळ्यांना दिसतो. मोठ्या प्रोबने हे करायला तिसरा हात लागायचा. शेजारची बर्सा (द्रवाची पिशवी) मात्र दाबली की चपटी होते, न्यूरोमा होत नाही. दोन्ही एकत्रही असतात, म्हणून दाबून पाहिल्याशिवाय रिपोर्ट लिहू नये.

प्लांटर फायब्रोमा त्यामानाने सोपा. टाचेपासून पुढे, कमानीच्या आतल्या बाजूला, फॅशियाच्या (तळव्यातल्या चिवट ऊतीच्या) पट्टीतच चातीसारखी फुगलेली गडद गाठ. एक काकू भोवरी समजून महिनोन्‌महिने पट्ट्या लावत होत्या. कातडी अगदी साफ होती आणि गाठ खाली फॅशियात. स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवली, तेव्हा कुठे पट्ट्या सुटल्या.

वडोदऱ्याजवळच्या पादरा भागातले एक शेतकरी टाचेपुढची टणक गाठ घेऊन आले. एक्स-रे निर्मळ. लाकूड एक्स-रेत सहसा दिसत नाहीच. प्रोबखाली चकचकीत बारीक रेघ, मागे सावली, भोवती काळं कडं: वेड्या बाभळीचा (गुजरातीत गांडो बावळ) जुना काटा. कातडीवर पेनने खूण करून, खोली मिलिमीटरमध्ये लिहून सर्जनकडे पाठवलं.

गँगलियनबद्दल (सांध्याजवळच्या द्रवाच्या गाठीबद्दल) थोडं सावध राहा. या प्रोबवर चित्र इतकं देखणं येतं की काळं दिसलं की हात "सिस्ट" लिहून मोकळा होतो. सांध्याकडे किंवा स्नायुबंधाच्या आवरणाकडे जाणारी मान शोधायची, आणि रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावायचाच, तोही हलक्या हाताने. जरा जोर पडला की बारीक रक्तप्रवाह दबून जातो आणि भरीव गाठ पाण्याची वाटते. सायनोव्हिअल सार्कोमा हा कर्करोग पायात याच वेशात येऊ शकतो. आत रक्तप्रवाह असेल, गाठ वाढत असेल, फॅशियाखाली खोल असेल किंवा 5 सेंटिमीटरच्या वर असेल, तर मी सरळ एमआरआय सुचवतो. "साधीच वाटते" असल्या ओळी मला रिपोर्टात आवडत नाहीत.

आता तक्रारी. दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली चित्र विरतं, त्यामुळे भरदार टाचेला जुनाच प्रोब लागतो. राठ कातडीवर जेल सढळ हाताने ओतावं लागतं, भेगांमधली हवा निघायला मिनिटभर थांबावंही लागतं. तोंड लहान म्हणून मोठी लिपोमा (चरबीची गाठ) एका फ्रेममध्ये मावत नाही.

सगळ्यात डोकेदुखी केबलची. मानेपाशी ती सतत मुरडली जाते. आमच्या प्रोबचं तिथलं रबर सुटलं आणि मधूनच चित्रात उभ्या काळ्या रेघा येऊ लागल्या. कंपनीचा माणूस बऱ्याच फोननंतर आला आणि म्हणाला, "सर, एएमसीमध्ये, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, प्रोब येत नाही." दुरुस्तीचं कोटेशन पाहून भागीदार गप्पच झाला. घेणार असाल तर प्रोब करारात धरलाय का आणि दुरुस्तीच्या काळात दुसरा देणार का, हे सही करण्याआधी लेखी घ्या.