सहा पौंडांचा बुश, तेराशे पौंडांची टोपी

इंग्लंडात आल्यावर हौसेनं घेतलेली १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघडी, दोन आसनांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. गेल्या वर्षी तिचा गिअर लिव्हर पडायला आलेल्या दातासारखा हलायला लागला. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला इथे वार्षिक एमओटी तपासणीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का हे पाहणाऱ्या चाचणीची, सक्ती नाही. दोष आपण शोधायचा, नाहीतर गॅरेजवाल्यावर विसंबायचं. मी विसंबलो.

जुन्या गाड्यांचे तज्ज्ञ म्हणवणाऱ्या त्या गृहस्थानं लिव्हर दोनदा हलवला, चुकचुकला आणि म्हणाला, ‘गिअरबॉक्स गेला.’ एमजीबीचा गिअरबॉक्स उतरवायचा तर इंजिनही सोबत बाहेर काढतात, एवढं मला वाचून माहीत होतं. त्यामुळे बावीस तासांची मजुरी ऐकूनही शंका आली नाही. माझं अर्धवट ज्ञान त्याच्याच कामी आलं. बेअरिंगं, सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या), तेल धरून चौदाशे पौंड. रोख दिले तर शंभर कमी. पुण्यात मी आधी चार ठिकाणी विचारलं असतं. इथे निमूट नोटा मोजून दिल्या. साहेबाच्या देशात असं चालत नाही, हा आपला जुना समज!

दोन महिने लिव्हर घट्ट होता. मग पुन्हा तेच.

या वेळी गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला दाखवलं; त्याच्याकडेही एमजीबी आहे. त्यानं आधी बिल मागितलं आणि वाचून हसायलाच लागला. बिलात ईपी ९० गिअर ऑइल लिहिलेलं. या गाडीच्या गिअरबॉक्सात इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० तेल घालतात. मग त्यानं लिव्हरच्या बुडाचं रबरी आवरण वर केलं, बोल्ट सोडले आणि लिव्हर उपसून हातात दिला. खालच्या गोळ्यावर नायलॉनचा छोटा बुश, म्हणजे लिव्हर घट्ट बसवणारं टोपण, असतो, त्याचा भुगा झाला होता. त्या जागी कुणीतरी रबरी नळीचा तुकडा कापून गुंडाळलेला! इंजिन जिथे बोल्टांनी बसवतात त्या माउंटिंगवर वर्षानुवर्षांचा चिकटा जसाच्या तसा, म्हणजे इंजिन बाहेर काढलंच नव्हतं. गिअरबॉक्सातलं तेलही जुनंच, काळंकुट्ट निघालं. निदान ते ईपी ९० खरंच ओतलं नव्हतं. त्यातली काही रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत म्हणे.

नवा बुश सहा पौंडांना आला. बसवायला पाऊण तास लागला, त्यातली पंधरा मिनिटं चहाची.

सगळ्यात जास्त चरफड झाली ती त्या शंभर पौंडांच्या सवलतीची. क्रेडिट कार्ड वापरलं असतं, तर १९७४च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या ७५व्या कलमाखाली थेट कार्ड कंपनीकडे पैसे मागता आले असते. शिवाय काढलेले जुने भाग परत मागितले असते, तर तो गॅरेजवाला तिथेच अडकला असता. मी मागितले नाहीत, त्यानंही दिले नाहीत.

गॅरेजला फोटोंसकट पत्र पाठवलं. उत्तर आलं: ‘लिव्हरचा बुश आमच्या कामात धरलेला नव्हता.’ आता स्मॉल क्लेमचा, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्याचा कोर्टातला अर्ज भरतोय. रबराचा तो तुकडा बिलालाच टाचून ठेवलाय.