दादरमधील भाड्याचा समुपदेशन कक्ष: व्हीलचेअरवरून आलेला अनुभव
मी व्हीलचेअर वापरणारी समुपदेशक आणि सहा वर्षांच्या मुलीची आई असल्याने, तासाच्या भाड्याने मिळणारा हा कक्ष घेताना आधी उंबरठा पाहिला. रॅम्पचा उतार नियमाप्रमाणे १:१२ आहे, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, त्यामुळे लेक मांडीवर असली तरी कोणाचा हात मागावा लागत नाही. इतरत्र दारातच खुर्ची उचलून घ्यावी लागते, तेव्हा समोरच्याचे दुःख ऐकण्याआधीच मी थकलेली असते. भिंती जाड असल्याने आतले बोलणे बाहेर जात नाही. स्वच्छतागृहाचे दार मात्र आत उघडते, ते सरकते हवे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे, म्हणून ही सोय माझ्याइतकीच माझ्याकडे येणाऱ्यांचीही आहे. पावसाळ्यापूर्वी रॅम्पवर खडबडीत पट्ट्या लावाव्यात.