गावच्या घराचं मॉडेल: हाताने कापायचं की थ्रीडी प्रिंट काढायचं?

गावचं घर पाडायच्या आधी त्याचं मॉडेल करून ठेवावं असं बऱ्याच जणांच्या मनात असतं आणि मग प्रश्न येतोच, माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा) आणि कटर घेऊन बसायचं की थ्रीडी प्रिंट काढायची. मी आमच्या कोकणातल्या घराची दोन्ही केली, १:५० मध्येच (म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या भागाएवढी), त्यामुळे अनुभवातलं तेवढंच सांगतो.

प्रिंटमध्ये ओटीवरचे कातीव खांब फार सुरेख येतात, सगळे एकसारखे, हाताने ते जमणं खरंच अवघड. जोतं, पायऱ्या, तुळशीवृंदावन पण मस्त. वेळ मात्र वाटतो तेवढा वाचत नाही कारण आख्खं घर आधी कम्प्युटरवर उभं करावंच लागतं. आणि गाडीत उन्हात ठेवू नका, पीएलए, म्हणजे प्रिंटला वापरतात ते नेहमीचं प्लास्टिक, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं.

माझं मन उडालं ते छपरावरून. साधा प्रिंटर ०.२ मिमीचे थर एकावर एक चढवत जातो, उभ्या भिंतीवर ते फारसे कळत नाहीत पण उतरत्या छपरावर त्याच्या पायऱ्या दिसतात. १:५० ला ०.२ मिमी म्हणजे प्रत्यक्षातला १ सेंटिमीटर! आणि कोकणातलं घर म्हणजे निम्मं छप्परच की, मॉडेल वरून बघताना नजर तिथेच जाते. पॉलिश पेपर मारला तर पायऱ्यांबरोबर कौलांच्या ओळीही गेल्या. मग थर ०.१ चा केला, छप्पर उभं करून छापलं, थोडं सुधारलं, पण सपोर्ट (छापताना खालून दिलेले टेकू) तोडल्याचे व्रण आतल्या बाजूला राहिले, आणि पडवीत मान वर केली की वासे दिसायचे ती नेमकी हीच बाजू. रेझिनची (पातळ द्रव प्रकाशाने घट्ट करून काढलेली) प्रिंट नितळ येते हे खरं, माझे मोठे पातळ तुकडे मात्र वाकले, तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

हाताने केलं तेव्हा छपराला बारीक नाळीचं (आत नागमोडी कागद असतो ते) खोकं घेतलं, ओला फडका फिरवून वरचा कागद सोलला. मंगलोरी कौल १:५० ला साधारण ५ मिमी रुंद येतं, त्याच्या जवळपासची नाळी बघायची. मग सहा-सात मिमीच्या पट्ट्या कापून, खरी कौलं चढवतात तशाच वळचणीकडून आढ्याकडे, एकीवर दुसरी थोडी चढवत चिकटवल्या. वासे म्हणून खराट्याचे हीर. फणसाखाली कौलं शेवाळून काळी पडायची, तेवढ्या पट्ट्यांना गडद रंग दिला.

त्रास इथेही आहे. फेविकॉल जास्त झालं की बोर्ड वाकतो, ब्लेड सारखं बदलावं लागतं, आणि एका दाबात कापायला गेलं की कड फाटते, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवायचं. टिकण्याचं म्हणाल तर धूळ आणि ओल सांभाळली की कागदही टिकतो, लाकूड तर टिकतंच. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलसाठी ख्रिस्तोफर रेनने १६७३-७४ मध्ये सहा मीटरहून लांब लाकडी मॉडेल करून घेतलं, त्या आराखड्याची इमारत कधी उभी राहिलीच नाही पण मॉडेल आजही तिथे आहे.

घुमट, गोलाई, नक्षी जास्त असेल तर प्रिंटचा विचार जरूर करा. कौलारू घर असेल तर मी तरी कटरच हातात घेईन. आमच्याकडे शोकेसमध्ये हाताने केलेलंच ठेवलंय, प्रिंटमधले फक्त खांब काढून त्याच्या ओटीला लावलेत.