रोजची ये-जा आणि अधूनमधून घाट: मोटारसायकलला कोणता टायर घ्यावा?

टायर घेताना डोळ्यांसमोर असतो तो सुट्टीच्या दिवशीचा घाट, आणि टायर झिजतो तो मात्र रोजच्या सरळ रस्त्यावर. दहातले आठ-नऊ किलोमीटर ऑफिसच्या वाटेवर जाणार असतील आणि उरलेल्यात गाडी मनापासून वळवायची असेल, तर स्पोर्ट-टूरिंग, म्हणजे लांबचा प्रवास आणि वळणं दोन्ही सांभाळणाऱ्या, वर्गातला रेडियल टायर घ्यावा, हे आधीच सांगून टाकतो (रेडियल आणि बायस या बांधणीच्या दोन पद्धती आहेत, त्यांतला फरक पुढे येतो). साधा कम्यूटर, म्हणजे रोजच्या ये-जाचा, टायर किंवा थेट स्पोर्ट टायर घेणंच बरोबर ठरेल अशीही माणसं आणि गाड्या आहेत. त्याबद्दल पुढे येईलच.

मोठ्या कंपन्यांकडे हे वर्ग वेगळे दिसतात. मिशेलिनचा रोड ६, पिरेलीचा एंजल जीटी २, मेट्झलरचा रोडटेक ०१, ब्रिजस्टोनचा टी३२, कॉन्टिनेन्टलचा रोडअटॅक ४ हे स्पोर्ट-टूरिंग. यांतल्याच काही कंपन्यांचे पॉवर ६, डायब्लो रोसो ४, एस२२, स्पोर्टअटॅक ४ हे स्पोर्ट. लहान गाड्यांच्या मापात रोजच्या वापराचे वेगळे टायर मिळतात आणि ते बहुतेक बायस बांधणीचे असतात.

| | कम्यूटर | स्पोर्ट-टूरिंग | स्पोर्ट |
|---|---|---|---|
| मागच्या टायरचं आयुष्य (ढोबळ) | २०,००० किमी किंवा जास्त | १०,००० ते १५,००० किमी | ५,००० ते ८,००० किमी |
| टायर थंड असताना पकड | बेताची | चांगली | बेताची |
| ओला रस्ता | मध्यम | सर्वात भरवशाचा | तापलेला असेल तर चांगला |
| वळणात झुकणं | संथ | सहज आणि एकसारखं | चपळ |

गाडीचं वजन, थ्रॉटल वापरायची सवय आणि रस्त्याचा खडबडीतपणा यांनी आयुष्याचे आकडे सहज दीडपट इकडेतिकडे होतात. पुढचा टायर बहुधा मागच्यापेक्षा जास्त टिकतो.

पकड नक्षीत कमी, रबरात जास्त

दुकानात टायर हातात आला की नजर आधी खाचांवर जाते. खाचांचं काम पाणी बाजूला काढणं. कोरड्या रस्त्यावर पकड देतं ते रबर, आणि मोटारसायकलचा टायर अरुंद व गोल असल्यामुळे ओल्या रस्त्यावरही बराचसा भार रबराच्या मिश्रणावरच असतो. रबर किती मऊ आहे यापेक्षा ते किती तापमानाला नीट काम करतं, हा प्रश्न विचारायला हवा.

स्पोर्ट टायरचं मिश्रण सततच्या ब्रेकिंग, वळण आणि जोराच्या थ्रॉटलमधून येणाऱ्या उष्णतेसाठी बनवलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटांच्या शहरी फेरीत, त्यातही निम्मा वेळ सिग्नलवर उभं राहून, ती उष्णता तयारच होत नाही. त्यातून मधला पट्टा थोडासा तापला तरी कडा थंडच राहतात. म्हणून सकाळी थंड रस्त्यावर पहिल्याच वळणाला चाक निसटतं, तेव्हा चालकाला आश्चर्य वाटतं की एवढा भारी टायर असून असं कसं झालं. स्पोर्ट-टूरिंग टायरमध्ये सिलिकाचं (रबरात मिसळायच्या एका खनिज पुडीचं) प्रमाण भरपूर असतं. सिलिका असलेलं रबर कमी तापमानाला लवचिक राहतं आणि ओल्या डांबराला चांगलं धरतं. रोजच्या वापरात नेमकं हेच लागतं.

‘पण घाटात हा टायर पुरेल का?’ याचं उत्तर गणितानं देता येतं. ४० मीटर त्रिज्येचं वळण ६० किमी वेगानं घ्यायचं तर गाडी साधारण ३५ अंश झुकवावी लागते. टायरला जाडी असल्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन अंश जास्तच. यासाठी टायरनं रस्त्याला धरून ठेवण्याचं बळ त्याच्यावरच्या वजनाच्या ०.७ पट लागतं. ४५ अंशांना ते वजनाएवढं होतं. चांगल्या कोरड्या डांबरावर सध्याचा कोणताही नावाजलेला स्पोर्ट-टूरिंग टायर ०.७ सहज पेलतो. सार्वजनिक रस्त्यावर, जिथे वळणापलीकडे खडी किंवा उभा ट्रक असू शकतो, तिथे याहून फार पुढे जायची जागाच नसते. स्पोर्ट टायरची जादा पकड मग शिल्लकच पडून राहते. उलट ओल्या झेब्रा पट्ट्यावर किंवा सांडलेल्या डिझेलवर अचानक ब्रेक दाबायची वेळ रोजच येऊ शकते.

मधला पट्टा चपटा होणं

रोजच्या वापरातला टायर खाचा संपण्याआधी आकारानं संपतो. सरळ चालून मध्यभाग झिजत जातो, कडा तशाच राहतात, आणि गोल टायर मागून पाहिला तर चौकोनी दिसू लागतो. अशा टायरवर वळणात शिरताना गाडी आधी झुकायला नकार देते आणि मग चपट्या भागाची कड ओलांडली की एकदम आत पडते. सरळ रस्त्यावर डांबरातल्या लांब रेघा गाडीला इकडेतिकडे ओढतात. गाडी अचानक ‘जड’ झाली म्हणून अनेक जण सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचं बेअरिंग तपासत बसतात. बेअरिंगही एकदा पाहावं, पण आधी मागचा टायर पाहावा.

तपासणी सोपी आहे. गाडी मधल्या स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या वेगळ्या स्टँडवर) घ्या आणि स्टीलची पट्टी टायरवर आडवी धरा. नव्या टायरवर पट्टी एकाच जागी टेकते आणि दोन्ही बाजूंना डोलते. ती ४-५ सेंटिमीटर रुंदीवर सपाट बसली, डोलेनाशी झाली, तर टायरचा गोलवा गेला. खाचांत ३ मिमी नक्षी शिल्लक असली तरी घाटासाठी तो टायर आता कामाचा नाही. नुसत्या सरळ शहरी वापराला झिजेच्या खुणेपर्यंत चालवता येतो. ही खूण म्हणजे ‘टीडब्ल्यूआय’ लिहिलेल्या जागी खाचेच्या तळाशी असलेला छोटा उंचवटा. मात्र नक्षी २ मिमीच्या खाली गेली की पाण्यात पकड झपाट्यानं घटते.

यावर कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे दुहेरी रबर: मध्ये घट्ट, कडांना मऊ. त्यानं चपटेपणा थांबत नाही, लांबतो. पूर्वीच्या दुहेरी टायरमध्ये दोन रबरांच्या सांध्यावर पकड बदलल्यासारखी वाटायची. मिशेलिनच्या २सीटी+ प्रकारात कडांच्या मऊ रबराखाली मधलं घट्ट रबर पसरवलेलं असतं, त्यामुळे थ्रॉटल उघडत वळणातून बाहेर पडताना कड फार दबत नाही. रोजची ये-जा लांब पल्ल्याची असेल तर दुहेरी रबराशिवाय स्पोर्ट-टूरिंग टायर घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुढच्या टायरची कथा वेगळी. तो ब्रेकिंगमुळे बाजूंनी झिजतो आणि त्रिकोणी होतो. कधी नक्षीच्या ठोकळ्यांवर लाटेसारखे उंचवटे-खळगे पडतात. हात फिरवला की एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं खरबरीत लागतं. हवा कमी ठेवणं आणि थकलेला फोर्क (पुढचं सस्पेन्शन) ही त्याची नेहमीची कारणं. ती दूर न करता नवा टायर घातला तर तोही तसाच होणार.

रेडियल की बायस

बायस टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदतात. बाजूची भिंत ताठ राहते, खड्डे आणि ओझं चांगलं सोसते, पण थर एकमेकांवर घासून उष्णता लवकर वाढते. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि नक्षीखाली वेगळा पट्टा असतो. भिंत लवचिक, माथा स्थिर. झुकलेल्या गाडीचा टायर रस्त्यावर जास्त नीट पसरतो आणि हाताला रस्ता कळतो.

१५० सीसीच्या आतल्या हलक्या गाडीला, खराब रस्त्यावर, चांगल्या बायस टायरनं काही बिघडत नाही. २०० सीसीच्या पुढे आणि घाटाची हौस असेल तर माप उपलब्ध असेल तिथे रेडियलच घ्यावा. पुढे बायस आणि मागे रेडियल अशी जोडी काही गाड्या कारखान्यातूनच घेऊन येतात, ती चालते. पुढे रेडियल आणि मागे बायस अशी उलटी जोडी करू नये.

माप: रुंद टायरचा मोह

१४०/७० आर १७ ऐवजी १५०/६० आर १७ बसवण्याची फार हौस दिसते. यात पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब करून पाहा. पहिल्याची भिंत ९८ मिमी, दुसऱ्याची ९०. म्हणजे पूर्ण चाकाचा व्यास १६ मिमीनं कमी होतो, गाडीचा मागचा भाग ८ मिमी खाली येतो आणि स्टिअरिंग आळसावतं. वेग मागच्या चाकावरून मोजला जात असेल तर स्पीडोमीटर आणखी अडीच टक्के जास्त दाखवू लागतो. आणि मूळ रिम अरुंद असेल तर रुंद टायर दोन्ही बाजूंनी आत ओढला जातो आणि त्याचा माथा टोकदार होतो. सरळ चालताना रस्त्याला टेकणारा भाग त्यामुळे उलट कमी होतो. कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक मापासाठी चालणाऱ्या रिमची रुंदी दिलेली असते. ती पाहिल्याशिवाय माप बदलू नका.

मापानंतर येणारा आकडा टायर पेलू शकेल त्या कमाल वजनाचा आणि अक्षर कमाल वेगाचं. ५४ म्हणजे २१२ किलो, ६६ म्हणजे ३०० किलो. ‘पी’ १५० किमी, ‘एस’ १८०, ‘एच’ २१०, ‘व्ही’ २४०. मूळ टायरवर असेल त्याहून कमी कधीही घेऊ नये, जास्त चालतं. जड टूरिंग गाड्यांसाठी काही टायरची जास्त ताठ आवृत्ती निघते, जसा रोड ६ जीटी. तो हलक्या गाडीला ‘भारीतला’ म्हणून घातला तर गाडी दगडासारखी आपटते.

तारीखही वाचा. भिंतीवरच्या डॉट कोडचे (‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे) शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. जेमतेम वर्षभरापूर्वी बनलेला टायर नीट साठवलेला असेल तर नवाच समजावा. चार वर्षं पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला तरी सोडून द्यावा, कारण फार न चालवणाऱ्याच्या गाडीवर तो झिजण्याआधी कडक होईल.

मग साधा कम्यूटर कोणी घ्यावा, स्पोर्ट कोणी?

गाडी हलकी, रस्ते खडबडीत, महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर आणि घाट वर्षातून एखाददा, असं असेल तर कम्यूटर टायरच शहाणपणाचा. फक्त पावसात अंतर राखून चालवावं लागेल. काटे-खिळे नेहमीचे असतील तर ट्यूबलेस रिमला प्राधान्य द्या: ट्यूबलेसमधली हवा हळू जाते, ट्यूब फाटली तर एकदम. मधल्या नक्षीतलं ६ मिमीपर्यंतचं भोक दुरुस्त होतं. खांद्यावरचं (नक्षी संपून भिंत सुरू होते तिथलं) किंवा भिंतीवरचं होत नाही, कोणी कितीही खात्री दिली तरी.

स्पोर्ट टायर घ्यावा तो ज्याची ये-जा कमी आहे, जो वर्षातून काही वेळा ट्रॅकवर जातो, आणि ज्याला सहा-सात हजार किलोमीटरवर मागचा टायर बदलायची तयारी आहे. त्यातही ट्रॅकसाठीचे अगदी मऊ टायर रोजच्या वापराला नकोत.

बसवणं आणि पहिले किलोमीटर

चांगला टायर वाईट बसवला की सगळं मुसळ केरात. बसवताना समोर उभं राहून हे पाहा: रिम खाली ठेवताना ब्रेकची डिस्क जमिनीवर टेकवलेली नाही, फिरण्याच्या दिशेचा बाण बरोबर आहे, पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी आहे, ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह नवा घातला आहे. हवा भरल्यावर भिंतीवरची बारीक गोल रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे बुडालेली असेल तर बीड, म्हणजे रिमला धरणारी टायरची आतली कड, नीट बसलेला नाही. हवा काढून, साबणाचं पाणी लावून पुन्हा भरायला सांगा. मग बॅलन्सिंग. मागचं चाक बसवल्यावर चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे, अ‍ॅक्सलचा नट टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्यानं), आणि निघण्याआधी ब्रेक लिव्हर व पेडल कडक होईपर्यंत दाबून घ्यायचं. हे विसरलं तर पहिल्या सिग्नलला ब्रेक लागत नाही.

साच्यातून निघालेला टायर गुळगुळीत असतो. पहिले १५० किमी झुकणं हळूहळू वाढवत न्यायचं, एकदम ब्रेक आणि थ्रॉटल टाळायचा. या काळात पावसात तर फारच जपून.

हवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तेवढी, टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, स्वतःच्या गेजनं मोजून भरा. मोठ्या गाड्यांना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय हा नेहमीचा आकडा. लहान गाड्यांना त्याहून कमी असतो. भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. घाटासाठी हवा बरीच कमी करायची सवय ट्रॅकवरून आलेली आहे आणि रस्त्यावर ती नडते, कारण तिथे टायर तेवढा तापत नाही, स्टिअरिंग जड होतं आणि खड्ड्यात रिम वाकतो. हवा बरोबर आहे का हे चालवूनही कळतं. थंड असताना मोजा, अर्धा तास चांगली गाडी चालवा, थांबल्या थांबल्या परत मोजा. ३ ते ५ पीएसआय वाढली तर ठीक. त्याहून बरीच जास्त वाढली तर सुरुवातीलाच हवा कमी होती. पुढच्या वेळी थंड टायरमध्ये २ पीएसआय जास्त भरून पुन्हा तपासा.